टेक्सास ए अँड एममध्ये नव्याने आलात? काइल फील्डवर जाण्याआधी वाचा

ऑगस्टमध्ये कॉलेज स्टेशनला, म्हणजे विद्यापीठाच्या गावी, उतरलात, बँकेचं खातं उघडलं, गादी मिळाली, डाळ-तांदळाचं दुकान सापडलं, की कुणीतरी सीनियर विचारतो, "स्पोर्ट्स पास घेतला का?" आपल्याकडून आलेले पुष्कळजण "मला अमेरिकन फुटबॉल कळत नाही" म्हणून विषय संपवतात आणि दोन वर्षं लॅब ते अपार्टमेंट एवढीच ये-जा करून डिग्री घेऊन निघून जातात. मीसुद्धा पहिलं सेमिस्टर तसंच घालवलं. त्या शरद ऋतूतले शनिवार परत मिळणार नाहीत याची चुटपुट मला अजून आहे, म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगतो. इथल्या फुटबॉल संघाचा इतिहास चषकांच्या कपाटात शोधाल तर फार हाती लागणार नाही. तो स्टँडमध्ये उभ्या असलेल्या माणसांत आहे. तिथे कसं उभं राहायचं, का उभं राहायचं, कुठे ओरडायचं आणि कुठे गप्प बसायचं, हे कळलं की संघ कळला.

१. खेळ, गरजेपुरता

हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. प्रत्येक बाजूला ११ खेळाडू, मैदान १०० यार्डांचं. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं; सरकले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. चेंडू घेऊन टोकाच्या पट्ट्यात पोचलं की टचडाउन, सहा गुण. त्यानंतर लाथेने चेंडू खांबांमधून मारला तर आणखी एक, किंवा पळून वा पास देऊन पुन्हा आत नेला तर दोन. टचडाउन होत नाही असं दिसलं तर लांबून लाथ मारून फील्ड गोल, तीन गुण. पहिल्या दिवशी एवढं पुरतं.

क्रिकेट पाहून वाढलेल्याला हा खेळ लवकर कळतो, असं माझं मत आहे. इथेही दर चेंडूनंतर थांबा आहे, त्या थांब्यात डावपेच बदलतात, आणि खरी गंमत त्या मधल्या वीस-पंचवीस सेकंदांत "आता काय करतील?" याचा अंदाज बांधण्यात आहे. १५ मिनिटांचे चार भाग असतात, पण घड्याळ सारखं थांबतं. साडेतीन तास धरून चला.

२. पास आणि तिकीट

स्पोर्ट्स पास म्हणजे तिकीट नव्हे. पास घेतल्याने सामन्याच्या आठवड्यात तिकीट काढायचा हक्क मिळतो. त्या तिकीट काढण्याला इथे "तिकीट पुल" म्हणतात. वरच्या वर्गांना आधी संधी मिळते, आणि मास्टर्स-पीएचडीवाल्यांना सीनियर मुलांबरोबर धरतात, म्हणजे आपला नंबर अगदी सुरुवातीला लागतो. हा फायदा सोडू नका. मोठा सामना असला की मुलं खिडकीबाहेर तंबू ठोकून रात्र काढतात. तपशील दरवर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा त्या वर्षीचा नियम ॲथलेटिक्स विभागाकडून बघून घ्या. मित्रांबरोबर बसायचं असेल तर तिकिटंही बरोबरच काढा.

३. सामन्याआधी एक संध्याकाळ पायी फिरा

ही पायरी बहुतेकजण गाळतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. शुक्रवारी संध्याकाळी ऊन उतरलं की निघा.

सुरुवात काइल फील्ड या स्टेडियमबाहेरच्या ई. किंग गिल यांच्या पुतळ्यापासून करा. २ जानेवारी १९२२, डॅलस, डिक्सी क्लासिकचा सामना. समोर सेंटर कॉलेज, ज्यांनी दोनच महिन्यांपूर्वी हार्वर्डला हरवून देशभर खळबळ उडवली होती. ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जखमी होऊ लागले. बाकावर राखीव गडी उरतात की नाही अशी वेळ आली, तेव्हा प्रशिक्षक डॅना बायबल यांना गिलची आठवण झाली. गिल बास्केटबॉलसाठी फुटबॉल सोडून गेलेला विद्यार्थी. त्या दिवशी तो वर पत्रकारांच्या कक्षात होता आणि मैदानावर कोण खेळतंय ते ओळखून सांगायला बातमीदारांना मदत करत होता. बायबल यांनी त्याला खाली बोलावलं. स्टँडच्या खाली त्याने एका जखमी खेळाडूचा पोशाख अंगावर चढवला आणि मैदानाच्या कडेला येऊन उभा राहिला.

ए अँड एमने सामना २२–१४ असा जिंकला. गिलला आत जावंच लागलं नाही. सामना संपला तेव्हा बाकाजवळ उभा असलेला राखीव गडी तो एकटाच होता. पुढे हा माणूस डॉक्टर झाला.

आपल्या क्रिकेटमध्येही बारावा गडी असतो, पाणी घेऊन धावणारा, स्कोअरकार्डवर ज्याचं नाव नसतं. इथे त्या बाराव्या गड्याचा पुतळा आहे आणि सबंध विद्यार्थिवर्ग स्वतःला त्याच नावाने ओळखतो: ट्वेल्फ्थ मॅन. विद्यार्थी पूर्ण सामना उभे राहतात ते यासाठीच. बोलावणं आलं तर आम्ही तयार आहोत, एवढंच त्या उभं राहण्यातून सांगायचं असतं. १९८३ मध्ये जॅकी शेरिल या प्रशिक्षकांनी ते शब्दशः खरं केलं: किकऑफच्या वेळी मैदानात धावायला साध्या विद्यार्थ्यांमधून निवडलेली तुकडी उतरवली. पुढे तुकडीची जागा एका खेळाडूने घेतली आणि १२ नंबरची जर्सी तो घालू लागला.

तिथून स्टेडियमच्या उत्तर टोकाला जा. तिथे रेव्हिली कुत्र्यांच्या समाध्या आहेत. १९३१ मध्ये नॅव्हासोटाहून परतणाऱ्या काही कॅडेटांच्या (इथल्या लष्करी तुकडीतल्या, म्हणजे कॅडेट कोअरमधल्या, विद्यार्थ्यांच्या) मोटारीची धडक एका भटक्या कुत्रीला बसली. नियम मोडून त्यांनी तिला वसतिगृहात आणलं. सकाळी उठवण्याचं बिगुल वाजलं तशी ती भुंकली, आणि त्या बिगुलाचंच नाव तिला मिळालं. मग ती बँडच्या पुढे मैदानात येऊ लागली. १९४४ मध्ये ती गेली तेव्हा तिला लष्करी इतमामाने इथे पुरलं. हल्ली रेव्हिली म्हणजे लांब केसांची कॉली असते, कॅडेट कोअरमधली सगळ्यात वरची अधिकारी. अंगावर हुद्द्याची खूण म्हणून पाच चांदीचे हिरे असतात आणि पहिल्या वर्षाचे कॅडेट तिच्याशी "मॅडम" म्हणूनच बोलतात. ती वर्गात भुंकली तर तास सुटतो अशी रीत आहे. समाध्यांसमोर एक छोटा गुणफलक लावलेला दिसेल. तो त्या कुत्र्यांसाठी आहे. आपल्या संघाचा स्कोअर त्यांना दिसत राहावा म्हणून. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा काही क्षण तिथेच थांबलो होतो.

येता-जाता मेमोरियल स्टुडंट सेंटर लागेल, म्हणजे एमएससी. युद्धात कामी आलेल्या विद्यार्थ्यांचं ते स्मारक आहे. त्याच्या भोवतीच्या हिरवळीवरून चालायचं नाही आणि आत शिरताना टोपी काढायची. याची कुणी पाटी दाखवत बसणार नाही, पण चुकलात तर कुणीतरी शांतपणे सांगेल.

शेवटी, अंधार पडायच्या आत, बॉनफायर मेमोरियल. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाशी, म्हणजे आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याशी, सामना यायच्या आधी ओंडक्यांची प्रचंड होळी पेटवायची, ही इथली विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची परंपरा. मुलं स्वतः झाडं तोडायची, स्वतः रचायची. १९६९ मध्ये तिची उंची १०९ फुटांवर गेली. १९६३ साली केनेडींच्या हत्येमुळे ती पेटवलीच नाही. १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे २ वाजून ४२ मिनिटांनी रचना चालू असतानाच ती कोसळली. १२ जण गेले, २७ जखमी झाले. विद्यापीठाच्या आवारात त्यानंतर बॉनफायर झालेली नाही. काही विद्यार्थी आवाराबाहेर आपल्या पद्धतीने ती परंपरा चालवतात.

त्याच महिन्यात २६ तारखेला सामना झाला. मध्यंतरात टेक्सास विद्यापीठाच्या बँडने टोप्या काढून मृतांना मानवंदना दिली. शंभर वर्षांचं वैर असलेले हे दोन संघ. ए अँड एम तो सामना २०–१६ असा जिंकला.

स्मारकातल्या वर्तुळावर १२ दारं आहेत. प्रत्येक दार त्या मुलाच्या किंवा मुलीच्या गावाच्या दिशेला तोंड करून आहे. घरापासून आठ-नऊ हजार मैलांवर शिकायला आलेल्या आपल्यासारख्याला ती दारं काय सांगतात ते मी लिहायला नको. फोटो काढायला हरकत नाही, पण दारात उभं राहून हसरे सेल्फी घेऊ नका. मोठ्याने बोलूही नका.

४. मध्यरात्रीची येल

घरच्या मैदानावरच्या सामन्याच्या आदल्या रात्री बारा वाजता काइल फील्डवर हजारो लोक जमतात. सामना नाही, खेळाडूंचा सराव नाही. सराव असतो तो ओरडण्याचा. ही मिडनाइट येल १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एका वसतिगृहातून सुरू झाली. इथे चीअरलीडर नाहीत. पाच येल लीडर असतात, तीन सीनियर आणि दोन ज्युनियर, विद्यार्थ्यांनी मतदानाने निवडून दिलेले. ते हाताने खूण करतात, पुढच्या रांगेतले तीच खूण करून मागे देतात, मागचे आणखी मागे. खूण सगळ्यात वरच्या मजल्यापर्यंत पोचली की सगळे एकदम ओरडतात. ओरडताना कमरेत वाकून हात गुडघ्यांवर टेकायचे, म्हणजे आवाज पोटातून येतो.

नवख्याने सामन्याआधी इथे जावंच. फुकट आहे, खूण चुकली तरी शेजारचा शिकवतो, आणि दुसऱ्या दिवशी लाखभर लोकांत बावरायला होत नाही. शेवटी दिवे घालवतात आणि जोडपी चुंबन घेतात. एकटे आलेले पूर्वी लायटर पेटवून धरायचे, आता फोनचा उजेड दाखवतात. सामन्यात संघाने गुण मिळवला की हाच प्रकार पुन्हा दिसेल. सक्ती कसलीही नाही. आजूबाजूच्यांशी टाळ्या देऊन आनंद केला तरी चालतो.

"गिग एम" ची खूणही इथेच पक्की करून घ्या: मूठ मिटून अंगठा वर. १९३० मध्ये टीसीयू या दुसऱ्या विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याआधी पिंकी डाउन्स या जुन्या विद्यार्थ्याने जमावाला विचारलं, त्या बेडकांचं काय करायचं? टीसीयूच्या संघाचं नाव हॉर्न्ड फ्रॉग्ज. उत्तरही त्यानेच दिलं. गिग म्हणजे बेडूक टिपायचा काटेरी भाला. मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे, त्यामुळे पहिले काही दिवस हात अडतो. इथे तो अंगठा आपलेपणाचा आहे, आणि रस्त्यावर "हाउडी" म्हणणाऱ्याला उत्तरादाखलही चालतो.

५. सामन्याचा दिवस

मरून रंगाचा टी-शर्ट घाला. नारिंगी घालू नका, विशेषतः विटकरी नारिंगी. तो टेक्सास विद्यापीठाचा रंग. पायात चांगले बूट हवेत, कारण साडेतीन तास उभं राहायचं आहे. सप्टेंबरमधलं इथलं ऊन विदर्भातल्या माणसालाही कमी वाटणार नाही. सकाळपासून पाणी पीत राहा, नीट जेवून निघा. बॅग पारदर्शकच लागते. लॅपटॉपची सॅक घेऊन गेलात तर फाटकावरून परत पाठवतील.

शक्य असेल तर दोनेक तास आधी पोचा आणि कॅडेट कोअरचं संचलन बघा. हे विद्यापीठ १८७६ मध्ये लष्करी शिस्तीचं शेतकी आणि तांत्रिक कॉलेज म्हणून सुरू झालं. कॅडेट होणं १९६० च्या दशकात ऐच्छिक झालं, पण इथल्या बहुतेक परंपरांवर त्या शिस्तीची छाप आहे.

६. स्टँडमध्ये

आत शिरल्यावर क्षणभर थांबून वर बघा. १,०२,७३३ माणसं बसतील एवढं हे स्टेडियम. ज्यांचं नाव त्याला आहे ते एडविन जॅक्सन काइल फळबागशास्त्राचे प्राध्यापक होते. १९०० नंतरच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी शेतीच्या कामासाठी मिळालेल्या जमिनीतला एक तुकडा खेळासाठी कुंपण घालून दिला आणि शेजारच्या ब्रायन गावच्या जत्रेच्या मैदानावरचा स्टँड ६५० डॉलरना विकत आणला. लाकडी बाकं जोडून तेव्हा ५०० माणसांची सोय झाली होती.

उभं राहण्याचं कारण वर आलंच. आता आवाजाचं. समोरच्या संघाकडे चेंडू असताना जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडा, म्हणजे त्यांना एकमेकांचं ऐकू येत नाही. आपल्या संघाकडे चेंडू असताना गप्प राहा. नवखे नेमके उलट करतात, कारण आपला संघ पुढे सरकला की ओरडावंसं वाटतं. "हूऽऽ" करून आपल्याच किंवा पाहुण्या खेळाडूची हुर्यो उडवणं इथे कमीपणाचं समजतात.

"ॲगी वॉर हिम" हे इथलं युद्धगीत (ॲगी म्हणजे ए अँड एमवाले) वाजू लागलं की शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकायचा. ओळख असो वा नसो. पिंकी विल्सन या विद्यार्थ्याने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, जर्मनीत ऱ्हाइनकाठी पहाऱ्यावर असताना, १९१८ मध्ये ते लिहिलं. दुसऱ्या कडव्यानंतर सगळी रांग एकमेकांना धरून डावीकडे-उजवीकडे डुलते. शेजारच्या रांगा उलट दिशेने. टेक्सासच्या लाँगहॉर्न बैलाची शिंगं करवतीने कापतो आहोत, अशी ती कृती आहे. त्या वेळी वरच्या मजल्याचं काँक्रीट पायाखाली हललेलं जाणवतं. पहिल्यांदा भीती वाटेल. शेजारच्याला धरून ठेवा.

७. मध्यंतरात जागा सोडू नका

बाकी स्टेडियमांत मध्यंतर म्हणजे खाण्याच्या रांगा. इथे उलट. फायटिन टेक्सास ॲगी बँड १८९४ पासून आहे. वादक सगळे कॅडेट, देशातल्या सगळ्यात मोठ्या लष्करी पद्धतीच्या बँडांपैकी हा एक. नाच नाही, रंगीत पोशाख नाहीत. काटकोनात वळणाऱ्या, एकमेकींतून आरपार जाणाऱ्या रांगा, आणि वाजवणं न थांबवता. पुण्यातल्या चांगल्या ढोल-ताशा पथकात उभं राहिलेल्याला त्यामागे किती महिन्यांची मेहनत असते ते लगेच कळेल. पाणी वगैरे दुसरा भाग संपत आल्यावर, मध्यंतराच्या पाच मिनिटं आधी घेऊन या.

८. जुनी जमाखर्चाची वही

शेजारच्याशी बोलायला थोडा इतिहास हवा. पहिला संघ १८९४ चा. ऑस्टिनला जाऊन टेक्सासकडून ३८–० ने हरून आला. १९१९ च्या संघावर सबंध मोसमात कुणालाही एकही गुण करता आला नाही. सर्वमान्य राष्ट्रीय अजिंक्यपद १९३९ चं, प्रशिक्षक होमर नॉर्टन यांच्या हाताखाली, शुगर बोलमध्ये टुलेनला १४–१३ असं हरवून.

१९५४ ला बेअर ब्रायंट प्रशिक्षक म्हणून आले आणि दुष्काळातल्या जंक्शन गावी त्यांनी खेळाडूंचं दहा दिवसांचं शिबिर घेतलं. उन्हात पाणीसुद्धा मिळायचं नाही. बरेच खेळाडू मध्येच पळून गेले, एकाला उष्माघात झाला. त्या वर्षी संघाने एकच सामना जिंकला, नऊ हरले. १९५६ ला मात्र न हरता साउथवेस्ट कॉन्फरन्स (कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) जिंकली. ही गोष्ट इथे अभिमानाने सांगतात. टिकून राहिलेल्या मुलांबद्दल मलाही आदर आहे, पण तहानलेल्याला पाणी न देणं ही शिस्त आहे असं मी मानत नाही.

कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी इथल्या दोघांना मिळाली: १९५७ ला जॉन डेव्हिड क्रो, २०१२ ला जॉनी मॅन्झेल. मॅन्झेलच्या रूपाने पहिल्या वर्षाच्या खेळाडूला ती पहिल्यांदाच मिळाली, आणि ए अँड एमचं एसईसी या कॉन्फरन्समधलंही ते पहिलंच वर्ष. २०१८ चा एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाविरुद्धचा सामना विचारून बघा: सात जादा डाव, ७४–७२. तिथे हजर असलेला माणूस अर्धा तास तरी बोलेल.

९. सामना संपल्यावर

जिंकलो तर पहिल्या वर्षाचे कॅडेट येल लीडरांचा पाठलाग करतात, त्यांना पकडून फिश पाँडमध्ये टाकतात, आणि मग सगळे वायएमसीए इमारतीकडे चालत जातात. त्यांच्याबरोबर चालत जा, मजा येते. हरलो तर विद्यार्थी उठून जात नाहीत. जागेवरच थांबून पुढच्या सामन्याची छोटी येल होते. त्या दिवशी सगळ्यात आधी बस गाठायचा विचार सोडून द्या. नाहीतरी पहिल्या अर्ध्या तासात बसला उभं राहायलाही जागा नसते.

१०. टेक्सासचा सामना

२०११ ला टेक्सासने शेवटच्या क्षणी फील्ड गोल मारून काइल फील्डवर २७–२५ असा सामना जिंकला आणि त्यानंतर कॉन्फरन्सा वेगळ्या झाल्याने तेरा वर्षं हे दोन संघ भेटलेच नाहीत. ३० नोव्हेंबर २०२४ ला, टेक्सासही एसईसीत आल्यावर, पुन्हा काइल फील्डवर गाठ पडली. १७–७, जिंकले तेच. इथली जुनी मंडळी टेक्सासचं नाव लिहिताना मुद्दाम छोटी अक्षरं वापरतात, आणि तो शब्द तोंडातून काढायचंही त्यांच्या जिवावर येतं.

आता हा सामना एक आड एक वर्ष कॉलेज स्टेशनला व्हायचा आहे. दोन वर्षांच्या मास्टर्समध्ये एकदा तरी तो तुमच्या वाट्याला येईल. तो असतो थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, आणि आपली मुलं नेमकी तेव्हाच चार दिवसांच्या सुट्टीत न्यूयॉर्क नाहीतर फ्लोरिडाची स्वस्त तिकिटं काढून ठेवतात. ज्या वर्षी सामना घरच्या मैदानावर असेल त्या वर्षी ती सहल डिसेंबरवर ढकला.